पुढचे पाटे : कडक, मऊ कीं योग्य?

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं जितकीं माणसें तितकीं मतें निघतात. आणि ती वस्तु जर मोटारगाडी असेल, तर घरच्या मतांस मिस्त्रींचीं, दुकानदारांचीं व वाटेंत भेटणाऱ्या हितचिंतकांचीं मतें येऊन मिळतात. पाटण तालुक्यांतील एका वाचकांचें असेंच एक पत्र आमच्यापुढें आहे. तिघां बंधूंचें अविभक्त कुटुंब. दोघे पाटणची भातशेती पाहतात, तिसरे सांगली जिल्ह्यांत तासगांवकडे द्राक्षबाग सांभाळतात. दोन्ही ठिकाणांस मिळून घरची एकच पिकअप गाडी आहे. जीपच्या घराण्यांतली, चारही चाकांस एंजिनाचा जोर पोंचविणारी, आणि वयानें पुष्कळ जुनी. तिचें तोंड अलीकडे एका अंगास झुकलें आहे व खड्ड्यांतून जातांना पुढून ठोका ऐकूं येतो. वडील बंधूंचें म्हणणें, मातुःश्रींस कंबरेचें दुखणें आहे, तेव्हां मऊ पाटे घालावे. बागवाले बंधु म्हणतात, द्राक्षांच्या पेट्यांचें ओझें असतें, तेव्हां एकेक पाटा वाढवून पुढची बाजू कडक करावी. गाडी चालविणारे चिरंजीव म्हणतात, नुसते शॉकअप बदलले कीं झालें. ‘यांत खरें कोणाचें?’ असा पत्रकर्त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मतें तिघांचीही दृष्टि मुख्य गोष्टीवरून ढळली आहे. पिकअपच्या हौद्यांतील ओझें बहुतांशीं मागच्या आंसावर पडतें. पुढच्या आंसावर मुख्यतः एंजिनाचा भार असतो, आणि गाडी वळविण्याचें काम त्याच्याकडे असतें. म्हणून पुढचे पाटे निवडतांना पेट्यांचा हिशेब करावयाचा नसून, भरलेली गाडी कुंभार्ली घाट उतरतांना चालविणाराच्या हुकमांत राहील कीं नाहीं, याचा करावयाचा आहे. घरचीं माणसें त्याच गाडीत बसतात. तेव्हां प्रश्न केवळ खर्चाचा नाहीं.

या गाड्यांस पुढेंही पाटे कां, हें थोडक्यांत सांगूं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन लष्करासाठीं विलीज कंपनीनें जी जीप बनविली, तिला पुढें व मागें दोन्हीकडे पाटेच होते. आपल्याकडे १९४५ सालीं निघालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र आणि महिंद्र’ या नांवानें चालणाऱ्या कंपनीच्या मोटारधंद्याचा आरंभ विलीजच्या जीपा मुंबईंत जोडण्यापासून झाला. त्या वंशांतील पुष्कळ गाड्यांत पुढील पाट्यांची ही परंपरा टिकली. रचना साधी, दणकट, आणि खेड्यांतही दुरुस्त होणारी आहे. पण साधी आहे म्हणून तींत कसाही हात घालून चालेल, असें मात्र नाहीं.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस ठाऊक असेल कीं, वैशेषिकांनीं ‘संस्कार’ या गुणाचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन भेद मानले आहेत. वांकविलेली वस्तु सोडतांच तिला पूर्वस्थितीवर आणतो, तो स्थितिस्थापक. इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं या गुणाचा नियम प्रसिद्ध केला : मर्यादेच्या आंत भार दुप्पट झाला, तर वांकही दुप्पट होतो. पाट्यांचें सारें काम या एका गुणावर चालतें. वर्षानुवर्षें ओझें सोसून पाट्याची कमान खचते, म्हणजे त्याची पूर्वस्थितीच खालीं उतरते. मग गाडीचें तोंड कितीही उचललें तरी तें तेथेंच परत येतें.

आतां कडकपणाचा विचार. लांबी, रुंदी व जाडी तीच ठेवून पाट्यांची संख्या वाढविली, तर कडकपणा साधारणपणें संख्येच्या प्रमाणांत वाढतो. जाडीची गोष्ट निराळी. तेथें तो जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागीं सात मिलिमीटर जाडीचे पाटे आले, तर ३४३ भागिले २१६, म्हणजे कडकपणा दीडपटीहूनही अधिक झाला. घरांतील शाळकरी मुलानें हें गणित करून पाहावें. दुकानदार ‘जरा जाड आहेत, पण टिकतील’ असें म्हणतो, तेव्हां त्या ‘जरा’ या शब्दांत केवढा अर्थ भरला आहे हें त्यावरून कळेल. असे पाटे घातल्यावर खडकाळ रस्त्यावर चाक जमिनीस धरून राहत नाहीं, उडत जातें. आणि जें चाक जमिनीवर नाहीं, तें ना वळवितें ना थांबवितें. उलट फार मऊ पाटे घातले, तर उतारावर ब्रेक दाबतांच गाडीचें नाक खालीं जातें आणि खड्ड्यांत आंस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. मातुःश्रींच्या कंबरेस दोन्हीही सारखेच वाईट. मूळच्या मापाचे, मूळच्या जाडीचे पाटे आणि चांगले शॉकअप, हाच तिघांसही मानवणारा मार्ग आहे.

शॉकअपविषयींचा गैरसमज फार पसरलेला आहे. शॉकअप गाडीचें वजन उचलीत नाहीं. पाट्याचें उसळणें आवरतो, इतकेंच त्याचें काम. तो तेलानें ओला दिसत असेल, किंवा एका दणक्यानंतर गाडी तीनचार वेळां हेलकावत असेल, तर तो बदलावा. पण झुकलेलें तोंड शॉकअप बदलून सरळ व्हावयाचें नाहीं.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं रोगाचें निदान करावें. गाडी रिकामी करून, हवा नीट भरून, सपाट जागेंत उभी करावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर चारही चाकांपाशीं मोजून वहींत लिहावें. मागचा एक पाटा खचला असला तरी पुढचें तोंड कलतें, म्हणून मागचें माप सोडूं नये. मग खालीं पाहावें. एखाद्या पाट्यास चीर आहे काय? पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटून आंस मागेंपुढें सरकला आहे काय? टोकांचे बुश झिजून शॅकल हलतात काय? ठोक्याचें कारण पुष्कळदां या स्वस्त बुशांतच सांपडतें. शेवटीं गाडी जॅकवर उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, चाक वर व खालीं धरून हलवावें. खेळ जाणवला तर किंगपिन किंवा चाकाचें बेअरिंग तपासावें.

पाटे बदलावयाचे ठरले, तर डावा व उजवा दोन्ही बदलावे. एक नवा व एक जुना असा जोड लावल्यास गाडी पुन्हां कलते. साताऱ्यास किंवा सांगलीस सामान घ्यावयास जातांना गाडीचा चेसिस नंबर व जुन्या पाट्यांचीं मापें बरोबर न्यावीं : टोकाच्या एका भोंकापासून दुसऱ्या भोंकापर्यंतची लांबी, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, संख्या आणि बुशाचें भोंक. दोन चाकांस जोर देणाऱ्या गाडीचे व चारही चाकांस देणाऱ्या गाडीचे पाटे नेहमीं एकच असतात असें नाहीं. नुसतें गाडीचें नांव सांगून सामान आणूं नये. यू बोल्ट मात्र नवेच घ्यावे, कारण एकदां ताणलेला बोल्ट पूर्वीची पकड देत नाहीं.

गांवच्या लोहाराकडून जुन्या पाट्यास पुन्हां कमान देववितात, तिच्याबद्दल दोन शब्द. याच पाट्यांच्या पोलादाचे उत्तम कोयते होतात, हें लोहार जाणतो. त्याच्या हाताविषयीं शंका नाहीं. पण भट्टींत तापविलेल्या पाट्यास पुन्हां योग्य तऱ्हेनें पाणी देऊन त्याचा ठिसूळपणा काढला नाहीं, तर तो एक तर लवकर खचतो, नाहीं तर अवचित मोडतो. घाटाच्या वाटेवर ही जोखीम घेऊं नये.

हल्लीं तरुणांस गाडी उंच करण्याची हौस असते. लांब शॅकल घालून पुढची बाजू उंच केली, तर आंसाचा कल बदलतो, वळल्यानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाहीं, पुढच्या चाकांस जोर नेणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरपे चालून झिजतात आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. कांहीं पिकअपांस पुढें पाट्यांऐवजीं पीळ सोसणारी पोलादी दांडी असते. तिचा बोल्ट आवळून उंची वाढते, पण दांडीचा कडकपणा तेवढाच राहतो आणि चाकाची खालीं उतरण्याची मुभा कमी होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें मूळ रचनेंत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. पुढें जड लोखंडी गार्ड लावलेला असेल, तर पाटे वाढविण्याऐवजीं गार्डच काढावा. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनेंही अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविलें होतें.

बसवितांना एक गोष्ट मिस्त्रीकडून जातीनें करून घ्यावी. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असतांना पक्के आवळूं नयेत. चाकें जमिनीवर टेकवून, गाडीचा भार पाट्यांवर आल्यावर आवळावे. तसें न केल्यास रबर कायमचें पिळलेलें राहून थोड्याच दिवसांत फाटतें, आणि दोष मात्र सामानास लागतो. कांहीं शें किलोमीटर गाडी चालल्यावर यू बोल्ट पुन्हां आवळावे आणि चाकांची अलाइनमेंट तपासावी. पाटणच्या पावसांतील तांबडा चिखल पाट्यांच्या फटींत बसून गंज धरतो, तासगांवच्या बाजूची धूळ बुश झिजविते. म्हणून दसऱ्यास गाडीची पूजा होते, तिच्या आदल्या दिवशीं पाटे स्वच्छ धुऊन तपासण्याचा नेम ठेवावा.

चिरंजीवांचें शॉकअपविषयींचें मत चुकलें असेल. पण ठोका प्रथम त्यांनाच ऐकूं आला असणार. घरांत पैसे वडील मंडळी देतात, आणि स्टिअरिंग तरुणाच्या हातीं असतें. तो ‘गाडी ओढते’ असें म्हणेल, तेव्हां हिशेबाची वही मिटून आधीं त्याच्याबरोबर गाडीखालीं वांकून पाहावें. तेवढ्या वांकण्यानें वडीलपणास कांहीं उणें येत नाहीं.