पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

घरातल्या मुलाची उंची वाढत नाही, पोट फुगलेलं, जुलाब थांबत नाहीत. किंवा घरातली बाई महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेते आहे, तरी हिमोग्लोबिन वर सरकत नाही. कुणीतरी सांगतं, गव्हाची अ‍ॅलर्जी असेल, पोळी बंद करून बघा. कृपा करून लगेच बंद करू नका. आधी रक्ताची तपासणी करा, मग काय सोडायचं ते ठरवा.

हा आग्रह अशासाठी की या तक्रारींमागे असू शकणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं आणि त्या वेळी तयार होणारी प्रतिपिंडं रक्तात सापडतात. ग्लुटेन पोटात जाणं थांबलं की ही प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडंही भरून येऊ लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. खरं निदान हवं असेल तर त्याच माणसाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावावा लागतो. बरं वाटू लागलेल्या लेकराला जाणूनबुजून पुन्हा त्या दुखण्यात ढकलणं आईबापांसाठी फार जड असतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन नावं आहेत ना, ते पाहा: 'टीटीजी आयजीए' आणि 'टोटल आयजीए'. दुसरं नाव पुष्कळदा गळतं. सिलिअ‍ॅक असलेल्या शंभरांपैकी दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीए प्रकारची प्रतिपिंडं मुळातच फार कमी असतात. त्यांची पहिली तपासणी फसवी ठरते आणि आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं पाहावी लागतात. या तपासणीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही.

आता लाळेच्या तपासणीबद्दल. सुई न टोचता निदान व्हावं ही इच्छा रास्त आहे आणि संशोधकांनी लाळेतली प्रतिपिंडं मोजूनही पाहिली आहेत. पण आजच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये निदानासाठी या तपासणीला स्थान नाही. लाळेतून किंवा गालाच्या आतून नमुना घेऊन होणारी दुसरी तपासणी जनुकांची, 'डीक्यू२' आणि 'डीक्यू८' यांची. ती खरी आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असतील, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती असंख्य निरोगी माणसांतही असतात. घरी मागवलेल्या लाळेच्या किटवर विसंबून मुलाचा आहार ठरवू नका.

रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह आला तरी पोळी लगेच सोडू नका. पोटविकारतज्ज्ञांना भेटा. मोठ्या माणसांत सहसा एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासतात (बायोप्सी). मुलांमध्ये टीटीजी प्रतिपिंडं मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असतील आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातली 'ईएमए' तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर २०२० च्या युरोपीय सूचनांनुसार बायोप्सीशिवायही निदान करता येतं. तो निर्णय तज्ज्ञांचा. मूल फार खंगलं असेल, जुलाबांनी गळून गेलं असेल, तर मात्र घरी वाट पाहत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

निदानावर एवढा भर देण्याचं कारण म्हणजे पुढचं पथ्य जन्मभराचं आहे. ते फक्त पोळी-पावापुरतं नाही. रवा, मैदा, शेवया, लापशी, सातूचं पीठ, भाजणीतले गहू, इतकंच काय, डबीतल्या हिंगात मिसळलेलं गव्हाचं पीठसुद्धा वर्ज्य. ज्वारी-बाजरी-नाचणी चालते, पण गव्हाच्याच चक्कीत दळलेली नको. एवढं ओझं संशयावरून कुणावर लादू नये, आणि आजार असेल तर 'थोडं चालतं' म्हणून कुणाला सूटही देऊ नये.

हा फक्त उत्तरेकडचा आजार आहे असं समजू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो आढळला. भाताच्या दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. पण आपल्याकडे भाकरीच्या घरांतही आता रोज पोळी आणि बिस्किटं आहेत. घरात एकाला सिलिअ‍ॅक निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करा, त्रास नसला तरी. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचीही करून घ्या.

लक्षणं दिसत असतील तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, रक्त द्या. अहवाल आणि तज्ज्ञांचा सल्ला हातात येईपर्यंत पोळी चालू ठेवा.