रोमनांना रोमन अंक शिकवू नका

१/ चार उभ्या रेघांनी लिहिलेला चार अशुद्ध होय, असा निवाडा शाळेपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्रास दिला जातो. घड्याळाच्या तबकडीवर आय-आय-आय-आय दिसले, की कारागिराचे अज्ञान काढले जाते. या निवाड्याला इतिहासाचा आधार नाही.

२/ नियम परिचित आहेत. आय, एक्स, सी, एम सलग तीनदाच यावेत; व्ही, एल, डी यांची पुनरुक्ती नसावी. वजा करताना आय केवळ व्ही व एक्सपूर्वी, एक्स केवळ एल व सीपूर्वी, सी केवळ डी व एमपूर्वी यावा. म्हणून ४९ म्हणजे एक्स-एल-आय-एक्स, आय-एल नव्हे.

३/ आता रोमलाच विचारू. कलोसियमच्या ४४व्या प्रवेशद्वाराचा क्रमांक एक्स-एल-आय-आय-आय-आय असा कोरलेला आहे. चाळीस वजाबाकीने, चार बेरजेने. एकाच संख्येत दोन्ही रीती!

४/ इ.स. ९ मध्ये जर्मनीतील वारुसच्या पराभवात सेंच्युरियन मार्कुस काएलियुस पडला. त्याच्या स्मारकशिलेवर १८व्या लीजनचा क्रमांक एक्स-आय-आय-एक्स असा आहे: दहा अधिक, दोन वजा दहा. आजच्या नियमांनुसार ही संख्याच नव्हे. मग ज्यांचा तो क्रमांक, त्यांनाच तो लिहिता येत नव्हता म्हणायचे काय?

५/ आपल्या मुंबईतील गेटवे ऑफ इंडियावर १९११ हे वर्ष एम-सी-एम-एक्स-आय असे आहे. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर १९१० मात्र एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स. साम्राज्य एकच, वर्षे लागोपाठची, रीती दोन.

६/ मग नियम हवेतच कशाला? लिहिण्यासाठी अवश्य हवेत. एका संख्येचे एकच रूप असणे सोयीचे, आणि परीक्षेत ते मागणे रास्तही. परंतु ही उत्तरकाळात बसलेली घडी आहे, रोमचा कायदा नव्हे. ती आज लिहिणाऱ्याला बांधते, शिलालेखाला नाही.

७/ वाचनास एवढे पुरे: मोठ्या चिन्हाआधीची लहान चिन्हे वजा, नंतरची अधिक. वरील प्रत्येक संख्या याच सूत्राने उलगडते. शिवकालीन मोडी पत्र आजच्या शुद्धलेखनाने तपासून चिटणिसाला नापास करणाऱ्यास आपण इतिहासकार म्हणणार नाही. रोमच्या पाथरवटालाही तोच न्याय द्यावा. दगडावरचा अंक हा पुरावा आहे. तो वाचायचा असतो, तपासून लाल शाईने खोडायचा नसतो.