सह्याद्रीचा वारा आणि जुन्या चक्क्या

चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावरील पवनचक्क्यांची रांग सातारकरांना नवी नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या या यंत्रांनी महाराष्ट्राला पवनऊर्जेत मानाचे स्थान मिळवून दिले, हे श्रेय कोणी नाकारणार नाही. परंतु त्या उभारणीमागील प्रेरणा काय होती? यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी घसारा म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. साहजिकच अनेकांनी चक्की घेतली ती विजेसाठी नव्हे, करासाठी. ती फिरो वा न फिरो, लाभ पदरात पडलेलाच होता!

याचा परिणाम आज भोगावा लागत आहे. सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा ३५० किलोवॅटसारख्या लहान यंत्रांनी अडवल्या आहेत. पाते दुप्पट लांब केले की वारा अडवणारे क्षेत्र चौपट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील ऊर्जा आठपट होते, आणि उंचावर वारा अधिक असतो. आज ३ मेगावॅटची यंत्रे भारतातच तयार होतात. असे एक यंत्र जुन्या आठ-नऊ यंत्रांच्या बरोबरीचे.

केंद्राने जुन्या चक्क्या बदलण्याचे धोरण २०१६ मध्ये आणले, २०२३ मध्ये ते सुधारले. तरीही काम रेंगाळले, कारण एकाच पठारावर मालक अनेक, आणि वीजखरेदीचे करारही वेगवेगळे. यांना एकत्र बसवणे राज्य शासनावाचून कोणाला जमणार? आमच्या मते सर्व मालकांची एक संयुक्त कंपनी करावी आणि जागेच्या प्रमाणात भाग द्यावेत. ज्यांच्या जमिनी त्या काळी गेल्या, त्या गावांनाही त्यात वाटा हवा. पायथ्याशी राहून केवळ पाती मोजत बसायचे, हे किती दिवस?

येथे कोयनेचाही विचार करावा लागेल. वारा जोरात वाहतो तो जून ते सप्टेंबर, म्हणजे जलाशय भरत असतानाच. त्या दिवसांत वाऱ्याची वीज वाढली, तर तेवढे पाणी उन्हाळ्यासाठी राखता येईल. शिवाय शेजारी कास पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील. वीज वाढवायची म्हणून अशी आणखी पठारे खोदण्यापेक्षा, खोदून झालेल्या जागेवरच नवी यंत्रे उभी करणे केव्हाही श्रेयस्कर.