चिमूटभर मिठाचे मोल

वर्गातला एखादा मुलगा लवकर थकतो, पाठ केलेले त्याच्या लक्षात राहत नाही. शाळा त्याला ‘ढ’ म्हणते, घर आळशी म्हणते. याचे मूळ कधीकधी त्याच्या गळ्यात असू शकते, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला आपले संप्रेरक तयार करण्यासाठी आयोडीन लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाची रोजची गरज १२० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुईच्या अग्रावर मावेल एवढीच. पण तेवढेही मिळाले नाही तर वाढ आणि बुद्धी दोन्ही खुंटतात. गलगंड हे त्याचे केवळ डोळ्यांना दिसणारे रूप.

यावरचा उपाय आपल्याच देशात पारखला गेला आहे. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांना आयोडीनयुक्त, तर एका भागाला साधे मीठ पुरवले आणि शाळकरी मुलांचे गळे तपासले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या मुलांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले. साध्या मिठाच्या भागात काहीच फरक पडला नाही. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे देशभरच्या पाहण्यांत दिसले, की हा केवळ डोंगराळ मुलखाचा प्रश्न नाही.

आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरील केंद्राची बंदी २००० साली उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. पण कायदा दुकानापर्यंत पोचतो, स्वयंपाकघरात निवड आपलीच असते. ‘नैसर्गिक’ म्हणून महागडे गुलाबी मीठ, सैंधव किंवा मिठागरावरचे खडे मीठ रोजच्या आमटी-भाजीत येऊ लागले आहे. समुद्राच्या मिठात आयोडीन आपसूक असते, हा समजही खोटा. वाळलेल्या मिठात ते नगण्यच उरते.

उपवासापुरते सैंधव जरूर वापरावे. रोजच्या मिठाच्या पुडीवर मात्र ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द पाहावा. बरणी घट्ट झाकून, ओल आणि शेगडीपासून दूर ठेवावी. मीठ जास्त खायचे नाही, आहे तेच योग्य खायचे. आयोडीनचा अतिरेकही थायरॉइडला बाधतो, तेव्हा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोत.

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर हयगय नकोच. त्या उद्याच्या माता आहेत, आणि गरोदरपणी आयोडीन कमी पडून बाळाच्या मेंदूची झालेली हानी नंतर कितीही मीठ खाऊन भरून येत नाही.