नकाशात आमची वस्ती कुठाय?



या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवलं. या वेळी नकाशावर लिहितोय. नकाशा म्हटलं की आपल्याला शाळेची भिंत आठवते, खिळ्याला लटकलेला फाटका भारत आठवतो, आणि 'गोदावरी दाखव' म्हणून मास्तरानं मारलेली छडी आठवते. त्यापलीकडं आपला नि नकाशाचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध जिवाचा आहे. ऐका.

२५ मे २०२५, रविवार. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके. बागायत कालव्याच्या काठापुरती, बाकी सगळा पावसानं कायम तोंड फिरवलेला मुलूख. मे महिन्यात तिथं टँकरमागं हंडे घेऊन पळायची रीत. त्या दिवशी आभाळ फाटलं. बारामतीत एका दिवसात ८० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. १८८५ पासून वाहणारा कालवा तो. पाणी रानात शिरलं, रस्त्यावर आलं, काटेवाडीच्या घरांत घुसलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या दोन तुकड्या बारामती-इंदापूरला धाडाव्या लागल्या. दुसऱ्याच दिवशी मुंबईत मान्सून पोचला, इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि आचार्य अत्रे चौकातलं जमिनीखालचं नवं मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं. झालं! सगळे कॅमेरे स्टेशनाकडं वळले.

मी त्या रात्री न्हावा-शेव्याच्या बंदरात पाळीवर होतो. कंटेनरला लोखंडी सळया आवळायच्या, सोडवायच्या, हे माझं काम. अकराच्या सुमाराला आईचा फोन. "आरं, वढ्याचं पाणी उंबऱ्याला लागलंय. तुझ्या भाच्याला माळवदावर बसवलाय." पुढं नुसता पावसाचा आवाज. मी मदतीसाठी एका ठिकाणी फोन लावला. उचलणारा पोरगा भला होता. म्हणाला, लोकेशन पाठवा. मी मोबाइलवर गावाचं नाव टाकलं, ठिपका आला, पाठवला. ट्रॅक्टर घेऊन माणसं निघाली आणि बरोब्बर ठिपक्यावर जाऊन उभी राहिली. ठिपका होता गावठाणातल्या देवळापुढच्या पारावर. पार कोरडा ठणठणीत. आमची वस्ती तिथनं दीड किलोमीटर, ओढ्याच्या पल्याड. "इथं तर काहीच नाही, साहेब," असं कळवून माणसं माघारी फिरली.

त्यांची चूक म्हणू? त्यांच्या हातातल्या नकाशात आमची वस्ती नव्हतीच. तिथं हिरवा रंग होता. रान.

माणूस मेलं नाही, कारण वस्तीतल्या चार पोरांनी शेंदायचा दोर कमरेला बांधून म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेच्या खोलीत नेलं. दोन शेरडं गेली. बहिणीची दहावीची पुस्तकं गेली. आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसानं वही चाळून विचारलं, "या घराची नोंद कुठाय?"

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. बंदरातल्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. तेवढा नंबर टाकला की डबा कुठल्या जहाजावर, कुठल्या यार्डात, कितव्या रांगेत, सगळं पडद्यावर दिसतं. त्यात बुटं असोत नाहीतर भंगार असो, डबा हरवू द्यायचा नाही, कारण त्याचा मालक आहे आणि विमा आहे. त्या रात्री मी असल्या डब्यांच्या मध्ये उभा होतो. जगातल्या कुठल्याही डब्याचा पत्ता लागत होता, आणि माझी आई कुठं आहे हे नकाशाला ठाऊक नव्हतं.

आपण नकाशात का नाही? कारण नकाशा गावठाणापासून सुरू होतो आणि आपण गावकुसाबाहेर. जुन्या व्यवस्थेनं आपल्याला बहुतेक गावांत पूर्वेला बसवलं. वारं पश्चिमेचं, तेव्हा आपल्या अंगावरचं वारं वरच्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. आता नद्या बघा. कऱ्हा, नीरा, भीमा, सगळ्या पूर्वेकडं, आग्नेयेकडं उतरतात. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. म्हणजे ज्या बाजूला पाणी उतरतं त्याच बाजूला आपली घरं. विटाळ टाळायला जी जागा नेमून दिली, तीच पुराची जागा झाली. नंतर ज्यांनी घरं बांधली ती गायरानात, ओढ्याच्या काठाला, कालव्याच्या भरावाखाली. त्यांची नोंद कच्ची. ड्रोननं गावठाणं मोजायचं काम महाराष्ट्रात पुरंदरच्या सोनोरीपासून सुरू झालं, त्यात घराला मालमत्ता पत्रक मिळतं, चांगलं आहे. पण ती मोजणी गावठाणाची. गावठाणाबाहेरच्याला तिचा काय उपयोग?

आणि ऊसतोड कामगार? सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, कारखान्याच्या आसपास दर हंगामाला कोप्यांची गावंच्या गावं उभी राहतात. उपग्रहाचा फोटो पावसाळ्याआधीचा असला तर त्यात कोपी नाही. हंगाम संपला की कोपी मोडली, पुन्हा नाही. १४ ऑक्टोबर २०२० ला याच मुलखात असाच पाऊस झाला. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीत पाण्यात अडकलेल्यांना गावकऱ्यांनी जेसीबी लावून काढलं. गाव होतं म्हणून जेसीबी होता, ओळखणारी माणसं होती. कोपीवाल्याला त्या गावात कोण ओळखतो?

नकाशात नसणं म्हणजे काय ते पुणे जिल्ह्यानंच दाखवलंय. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. डोंगर खचला, १५१ माणसं गाडली गेली, बहुतेक आदिवासी. जगाला कसं कळलं? सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि गाव होतं तिथं गाव दिसेना. त्यानं जाऊन सांगितलं. एसटी नसती तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडात इर्शाळवाडी गेली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला रस्ता नाही, यंत्र चढवता येईना. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवला. वाडीत त्या रात्री किती जण होते याचा हिशोब वाचलेल्यांच्या आठवणीवर चालला होता.

आता दुसरी बाजू. या कामाला सरकारची वाट बघावी लागत नाही, हे जगात पोरांनीच दाखवून दिलंय. २००४ साली लंडनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा असा नकाशा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. गुलामांनी बंड करून उभा केलेला काळ्यांचा देश तो. त्याच्या राजधानीचा धड नकाशा नव्हता. जगभरच्या शेकडो पोरांनी घरी बसून, उपग्रहाचे फोटो बघून, गल्लीन् गल्ली काढली, आणि मदतीला गेलेली पथकं तोच नकाशा घेऊन फिरली. ढिगाऱ्याजवळनं लोक आपल्या भाषेत मोबाइलवर मेसेज पाठवत होते. ते वाचून कुठली गल्ली, कुठला चौक हे सांगितलं परदेशात पोटासाठी गेलेल्या हैतीच्याच माणसांनी. हमाल, नर्स, ड्रायव्हर, जो तो आपल्या गावाचा नकाशा डोक्यात घेऊन गेलेला. आपण मुंबई-पुण्यात वेगळे काय आहोत?

हे मेसेज नकाशावर मांडायची जी सोय वापरली तिचं नाव उशाहिदी. २००८ मध्ये केनियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या, तेव्हा तिथल्याच लोकांनी ती बनवली. स्वाहिली भाषेत उशाहिदी म्हणजे साक्ष. एवढ्या एका शब्दात आपलं सगळं काम आलं.

एप्रिल २०१५ मध्ये नेपाळ हादरला. काठमांडूतल्या तरुणांनी भूकंपाच्या आधीच शाळा, दवाखाने, रस्ते नकाशावर आणून ठेवले होते, म्हणून भूकंपानंतरचं काम पहिल्या दिवसापासून सुरू झालं. त्याच सालच्या चेन्नईच्या पुरात लोकांनी तुंबलेले हजारो रस्ते नकाशावर टिपले. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात पोरांनी मदतीच्या हाका गोळा करून ठिकाणं लावली, आणि मच्छीमारांनी ट्रकवर होड्या चढवून माणसं काढली. हे ध्यानात ठेवा. नकाशा होडी वल्हवत नाही. वल्हवणारा हात लागतोच, आणि तो हात बहुतेक वेळा आपल्यासारख्याचाच असतो. पण हाताला दिशा नसली तर तो कोरड्या पारावर जाऊन उभा राहतो.

बारामतीत तर तंत्राचा तुटवडा नाही. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात उसाला कृत्रिम बुद्धिमत्तेचं पाणी पाजतात. उपग्रह, जमिनीतली यंत्रं, हवामानाचं केंद्र, सगळं मिळून कुठल्या तुकड्यातला ऊस तहानला ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. आमचा त्यावर राग नाही. उसाला पाणी कमी लागलं तर चांगलंच. सवाल एवढाच की आभाळातल्या ज्या डोळ्याला उसाचं पान वाळलेलं दिसतं, त्याला बांधाच्या पल्याड बुडणारं घर का दिसू नये? डोळा तोच आहे. काय बघायचं हे सांगणारा वेगळा पाहिजे.

आता आपल्यातल्याच काही साथींचा आक्षेप. ते म्हणतात, गायरानातली घरं नकाशावर आणलीत की उद्या बुलडोझर येईल तो त्याच नकाशावरनं येईल. हा आक्षेप पोकळ नाही. मी दोन महिने त्यावर झोप घालवली. शेवटी मला दिसलं ते असं: बुलडोझरवाल्याला आपला पत्ता आधीच ठाऊक आहे. नोटीस आपल्या दारापर्यंत बिनचूक पोचते. मतं मागणाराही पोचतो. न पोचणारी फक्त मदत आहे. तरीही भीती खरी आहे, म्हणून नियम पाळा. वस्तीची बैठक घेतल्याशिवाय एक घरही टाकायचं नाही. वस्ती 'घरं नको' म्हणाली तर घरं सोडा. रस्ता, फरशी पूल, ओढ्याचा उतार, विहीर, हातपंप, शाळा आणि पुरात चढायची उंच जागा, एवढं टाका. तेवढ्यानंही जीव वाचतो. माणसांची नावं, फोन नंबर, कोण कुठल्या जातीचा, हे कदापि टाकायचं नाही.

वस्तीचं नाव काय लिहायचं हाही सवाल येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. पाटी बदलली. पण रात्री फोनवर घाबरलेला म्हातारा जुनंच नाव सांगतो, आणि गावातला ट्रॅक्टरवालाही तेच ओळखतो. शिवी म्हणून चिकटवलेलं नाव आपण आपल्या हातानं नकाशात कोरायचं का? माझं मत: नाही. वस्तीनं ठरवलेलं नाव लिहा, आणि वाट नीट दाखवा. पण ठरवील ती वस्ती. मुंबईत बसून मी नाही, पुण्यात बसून तुम्ही नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. बंदरावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं, आणि गावाकडं ती चार दोरवाली पोरं. तीन रविवार लागले. उपग्रहाच्या फोटोवरनं आम्ही इथं छपरं आखली. तिथं पोरांनी पायी फिरून तपासलं: हे छप्पर गोठ्याचं, हे घराचं, ही वाट पावसात बंद. एकानं काढायचं, दुसऱ्यानं तपासायचं, हाच जगभरचा रिवाज आहे. सगळ्यात जास्त चुका माझ्या निघाल्या. ज्या ओढ्यात पोहायला शिकलो तो मी उलट्या अंगाला वळवला होता. आईनं पोराच्या मोबाइलवर बघून सांगितलं, "वढा बाभळीपाशी वळतोय, तुला एवढंबी ध्यानात न्हाई?" शेवटी नकाशा कागदावर छापून शाळेच्या भिंतीला लावला, कारण पुरात पहिल्यांदा वीज जाते, मग टॉवर जातो, आणि मोबाइलची नुसती वीट होते.

त्या भिंतीपुढं एक म्हातारी बराच वेळ उभी होती. अक्षरओळख नाही. बोट ठेवून विचारलं, "ह्ये माझं?" होय म्हटलं. काही बोलली नाही. पदरानं काच पुसावी तसा कागद पुसला आणि गेली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या अंकाला पुराच्या कविता पाठवण्याआधी एक काम करा. आज रात्री मोबाइल उघडा आणि आपली वस्ती शोधा. नुसतं गाव सापडलं म्हणून थांबू नका. उजनीच्या काठावरचे असाल तर होडीचे धक्के शोधा. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी होडी उलटली, सहा माणसं गेली, तिथलं रोजचं जाणं-येणं त्या पाण्यावरनंच होतं. कालव्याखाली राहणारे असाल तर भराव कुठं खचलाय ते बघा. सापडलं नाही तर येत्या रविवारी गावी फोन लावा, पायी फिरणारी दोन पोरं हेरा, बैठक बोलवा, सुरू करा.

आणि नकाशा झाला की त्याची एक प्रत तहसील कचेरीत द्या, शिक्का मारून पोच घ्या. उद्या कुणी वही चाळत 'नोंद कुठाय' म्हणाला तर ती पोच त्याच्या टेबलावर ठेवायची.

पाऊस आता वेळेवर येत नाही. तो मे महिन्यातही येतो. आपण त्याच्या आधी पोचलं पाहिजे.