झेंडे ब्राझीलचे, मैदान व्यासर्पाडीचे

आज, 11 जून रोजी, मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्याने फुटबॉलच्या विश्वचषकाला सुरुवात होत आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. यंदा 48 देश खेळणार आहेत. त्यांत दीड लाखाच्या आसपास वस्तीचे कुरासाव आहे, पाच-सव्वापाच लाखांचे केप व्हर्द आहे, पहिल्यांदाच पात्र ठरलेले उझबेकिस्तान आणि जॉर्डन आहेत. भारत नाही. हे वाक्य दर चार वर्षांनी लिहावे लागते आणि दर वेळी ते लिहिताना कमी वाईट वाटते, ही खरी वाईट गोष्ट.

भारत नसला म्हणून विश्वचषक इथे कुणाचा अडत नाही. चेन्नईच्या उत्तर भागातल्या व्यासर्पाडीला ‘मिनी ब्राझील’ म्हणतात. विश्वचषक आला की या वस्तीच्या गल्ल्यांत पिवळे-हिरवे आणि आकाशी-पांढरे झेंडे लागतात, भिंती रंगतात, फ्लेक्स चढतात. फ्लेक्सची रीत तामिळनाडूचीच, पण आपल्याला अगदी ओळखीची: वर पाच फुटांचा मेस्सी आणि खाली कोपऱ्यात तो लावणाऱ्या पोरांचे पासपोर्ट फोटो, एकाखाली एक. हे पाहून कुणीतरी दर वेळी नाक मुरडतो. स्वतःच्या देशाचा झेंडा सोडून परक्यांचे झेंडे कसले मिरवता, देशाभिमान म्हणून काही आहे की नाही? प्रश्न विचारणाऱ्याने भारताचा एकही सामना मैदानात जाऊन पाहिलेला नसतो, असा आमचा अंदाज आहे. तरीही प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

व्यासर्पाडीत फुटबॉल आला तो टीव्हीवरून नव्हे. पेरंबूर, पुळियंतोप, व्यासर्पाडी हा पट्टा रेल्वेचा आणि गिरणीचा. बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणी इथलीच, रेल्वेचे कारखाने इथलेच, 1955 मध्ये सुरू झालेली डबे बांधणारी इंटिग्रल कोच फॅक्टरीही इथलीच. अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबे, गिरणी कामगार, दलित वस्त्या आणि मोकळी मैदाने अशी सगळी जुळणी झाली. परळ-लालबागच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. गिरणी पुढे बंद पडली, पण खेळ टिकला, कारण त्याला लागणारे भांडवल म्हणजे एक चेंडू. वस्तीतल्याच लोकांनी मुलांसाठी सराव आणि अभ्यासाचे वर्ग एकत्र चालवणारी संस्था उभी केली. 2018 मध्ये चेन्नईयिन क्लबने बंगळुरूत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला, त्या संघात व्यासर्पाडीचा धनपाल गणेश होता. भारताकडूनही तो खेळला. म्हणजे ब्राझीलचे झेंडे लावणाऱ्या वस्तीने देशाला खेळाडू दिला. नाक मुरडणाऱ्या वस्त्यांनी काय दिले, याचा हिशेब कुणी मागत नाही.

महाराष्ट्रात हाच नमुना कोल्हापूरचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर तालमी आणि पेठा पाठीशी उभ्या राहतात, आणि विश्वचषकात त्याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पेठेसाठी घसा बसवणे, मेस्सीसाठी रात्र जागवणे आणि अनिकेत भारताकडून उतरला की छाती फुगणे, या तीन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात. त्याला तुझे खरे प्रेम कुणावर, असे विचारणारा माणूसच मुळात फुटबॉल न पाहणारा असतो.

आणि झेंड्यांच्या बाबतीत अतिउत्साही देशभक्तीचे काय होते, याचा नमुना 2022 च्या नोव्हेंबरात केरळातल्या पानूरला दिसला. रस्त्यावर लावलेला एक झेंडा आपल्याला नावडत्या पक्षाचा आहे असे समजून एका इसमाने तो फाडला. तो पोर्तुगालचा निघाला. रोनाल्डोचे चाहते चिडले, पोलिस आले. राष्ट्रप्रेमाला थोडे सामान्यज्ञान लागते, एवढेच यावर म्हणता येईल.

चाहत्याने कुणाच्या बाजूने ओरडावे यावर निष्ठा जोखण्याची कल्पना इंग्लंडमध्ये 1990 साली नॉर्मन टेबिट या हुजूर पक्षाच्या नेत्याने मांडली होती. आशियातून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुणाला पाठिंबा देतात ते पाहा, म्हणजे ते खरे कुठले हे कळेल, असा त्याचा सूर होता. आपल्याकडे ही कसोटी नाव न घेता रोज वापरली जाते. तिला सर्वांत चांगले उत्तर चेन्नईनेच दिले, आणि तेही क्रिकेटच्या मैदानावर. 1999 च्या जानेवारीत पाकिस्तानचा संघ येणार म्हणून दिल्लीत कोटलाची खेळपट्टी उखडली गेली होती, मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयात मोडतोड झाली होती. 31 जानेवारीला चेपॉकवर 271 धावांचा पाठलाग करताना सचिन 136 धावांवर बाद झाला तेव्हा 17 धावा हव्या होत्या. भारत 12 धावांनी हरला. मैदान काही क्षण सुन्न झाले, आणि मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. वसीम अक्रमच्या संघाने त्या टाळ्यांत मैदानाला फेरी मारली. त्या प्रेक्षकांना हरल्याचे दुःख झाले नव्हते असे कुणी म्हणणार नाही. सचिनची पाठ दुखत होती आणि ती त्या दिवशी मैदानातल्या प्रत्येकाची दुखत होती. पण आपला संघ आपलाच राहावा यासाठी समोरच्याला शिव्या द्याव्या लागत नाहीत, एवढी त्यांना स्वतःबद्दल खात्री होती.

चेन्नईच्या राष्ट्रभावनेविषयी शंका घेणे हा काहींचा जुना छंद आहे, म्हणून हे जरा लांबवून सांगितले. 1962 च्या मे महिन्यात द्रमुकचे नेते अण्णादुराई यांनी राज्यसभेत वेगळ्या द्रविडनाडूची बाजू मांडली होती. ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि त्यांनी ती मागणी बाजूला ठेवली. या दोन घटनांच्या मध्ये, 4 सप्टेंबरला, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलमधला आपला सर्वांत मोठा विजय मिळवला, आणि त्या दिवशी गोलपोस्टमध्ये उभा होता पीटर थंगराज. हा उंचापुरा माणूस वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरकडून खेळून पुढे आला. त्या पलटणीने 1955 आणि 1958 मध्ये ड्युरांड चषक जिंकला होता.

त्या विजयामागचा माणूस होता प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचा हा शाळामास्तर 11 जून 1963 रोजी कर्करोगाने गेला. आज त्याची पुण्यतिथी आहे, आणि मेक्सिकोतल्या उद्घाटनाच्या गडबडीत ती कुणाला आठवेल असे वाटत नाही. रहीमच्याच संघाने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून चौथा क्रमांक मिळवला. त्या सामन्यातली हॅटट्रिक मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची होती. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

जकार्ताची गोष्ट मात्र नुसती विजयाची नाही. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या गुरुदत्त सोंधींनी त्याला हरकत घेतली, मग ही स्पर्धा आशियाई कशी म्हणायची असे विचारले. त्यावर जकार्ता भडकली, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला, सोंधींना देश सोडावा लागला. अशा वातावरणात रहीमची पोरे दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना खेळायला उतरली. लाखभर माणसे त्यांची हुर्यो उडवत होती. जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. रहीमने या बचावपटूला आघाडीवर खेळवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला, भारत 2-1 जिंकला. त्या लाखभर लोकांत भारताच्या बाजूने ओरडणारा एक छोटासा घोळका होता, तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा, असे त्या संघातले खेळाडू पुढे सांगत आले. टेबिटसाहेबांची कसोटी लावायची तर त्या हॉकीपटूंना कुठल्या देशात पाठवायचे?

रहीमनंतर काय झाले ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. चेन्नईपुरते बोलायचे तर 1993 चा नेहरू चषक इथे झाला आणि 1995 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक याच शहरात मिळवले. पुढे घसरण. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाने हरवले आणि जागतिक क्रमवारीत आपण 142व्या स्थानावर गेलो. त्याच काळात करारांच्या वादात इंडियन सुपर लीगचा हंगाम कित्येक महिने रखडला. खेळाडू घरी बसून होते आणि क्लब पगार कसे द्यायचे याची चिंता करत होते. विश्वचषकाचे स्वप्न पाहणाऱ्या देशात स्वतःची लीग वेळेवर सुरू होत नाही, याचा जाब फुटबॉल महासंघाला विचारायला हवा, व्यासर्पाडीच्या झेंड्यांना नाही.

जाब आपल्यालाही विचारायला हवा. 1 जून 2018 रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला 5-0 असे हरवले, तेव्हा प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली ती रिकाम्या खुर्च्यांसमोर. दुसऱ्या दिवशी त्याने समाजमाध्यमावर चित्रफीत टाकून हात जोडले: युरोपातल्या क्लबांचे चाहते आहात, आमचा दर्जा त्यांच्याइतका नाही हेही मान्य, पण मैदानात या, शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता आणि एकही तिकीट उरले नव्हते. देशाच्या कप्तानाला प्रेक्षकांसाठी हात जोडावे लागले, हे मुंबईला शोभणारे नव्हते. ती हाक ऐकून मुंबई आली, हेही मुंबईच्या खात्यावर मांडले पाहिजे.

आणि हा संघ आपला मानणारे लोक कुठून कुठून येतात ते पाहा. जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वंशाच्या वडिलांचा मुलगा इझुमी अराता पुण्याच्या क्लबकडून खेळत होता; 2012 मध्ये जपानचे नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला आणि भारताकडून खेळला. 2025 मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. तो जन्मला पर्थमध्ये, ऑस्ट्रेलियाकडून एक सामनाही खेळला होता. पण त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली आणि आजोबा 1950च्या दशकात मुंबईकडून संतोष चषक खेळलेले. ऑस्ट्रेलिया यंदा विश्वचषकात आहे, आपण नाही. ज्याला फायदा-तोट्याचा विचार करायचा होता त्याने उलटा निर्णय घेतला असता.

आमचे म्हणणे एवढेच. जिंकणाऱ्या संघावर प्रेम करायला देशभक्ती लागत नाही. ब्राझीलवर तर सगळ्या जगाचे प्रेम आहे. देशभक्ती लागते ती जागतिक क्रमवारीत घसरलेल्या संघासाठी तिकीट काढायला. ज्यांना हरणाऱ्या संघाचा पाठिंबा म्हणजे काय ते कळते, असे लोक व्यासर्पाडीत आणि कोल्हापुरात आहेत. आपल्या पेठेचा, आपल्या वस्तीचा संघ हरताना त्यांनी किती वेळा पाहिला असेल. मेस्सीसाठी रात्री जागणारा पोरगा देशाला परका नाही. देशाच्या संघापर्यंत पोचायला त्याला रस्ता नाही, कारण तो संघ त्याच्या शहरात खेळायलाच क्वचित येतो.

मुलींचा संघ मात्र जिंकतोही आहे. 5 जुलै 2025 रोजी चियांग माईत संगीता बासफोरच्या दोन गोलांवर थायलंडला हरवून तो पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई चषकात गेला. तामिळनाडूच्या मुलींनी 2018 आणि 2023 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले आहे. कडलूरची इंदुमती कथिरेसन देशाकडून खेळली आहे आणि तामिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये भारताच्या मुली चेन्नईत नेपाळशी खेळल्या होत्या. तसे सामने दर वर्षी व्हायला हवेत. महासंघाने पुढच्या हंगामात चेन्नईच्या नेहरू स्टेडियममध्ये आणि कोल्हापुरात भारताचा एकेक सामना ठेवावा, तारीख महिनाभर आधी जाहीर करावी आणि तिकीट रिक्षावाल्याच्या पोराला परवडेल असे ठेवावे. आणि वाचकहो, तुमच्या गावाजवळ भारताचा सामना ठरला, पुरुषांचा असो वा मुलींचा, तर त्या दिवशी दुसरे काही ठरवू नका.