अर्धी यादी

मित्रांनो, आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांची एक सवय आहे. काहीही दिसलं की पहिला प्रश्न, "हे रूमवर करता येईल का?" आणि दुसरा, "कितीत पडेल?" हल्ली हे प्रश्न शिशाबद्दल विचारले जातात. कुणाला रोबोच्या तळाला वजन हवंय, तर कुणाला प्रोजेक्टसाठी काउंटरवेट. शिसं लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड आणि वितळतं फक्त ३२७ अंशांना. ॲल्युमिनियमला ६६० लागतात. म्हणजे साध्या शेगडीवरसुद्धा काम होतं!

अमेरिकेत हौशी नेमबाज घरच्या गॅरेजमध्ये बंदुकीच्या गोळ्या ओततात. आपल्याकडे ते विसराच. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि ते काम पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून कारखान्यात चालतं. पण शिशाची गोळी आपल्या जिल्ह्यातही आहे, फक्त वेगळ्या कामाची. गंगाखेडला गोदावरीवर जा, नाहीतर येलदरीच्या धरणावर. फेकजाळ्याच्या काठाला वजन असतं, म्हणून ते गोल पसरून तळाला बसतं, आणि त्या वजनासाठी शिसं सोयीचं. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'लेड'च म्हणायचे. 'शिसं' हा शब्द शिसपेन्सिलीमुळे माहीत होता. गंमत म्हणजे तिच्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं!

आता रूमवरच्या भट्टीची यादी बघा. शेगडी, लोखंडी कढई, लांब दांड्याची पळी, चिमटा, साचा, चामड्याचे हातमोजे. सगळं आठवडी बाजारात नाहीतर भंगारात मिळतं. चौघांनी वर्गणी काढली की झालं. पण माझं म्हणणं असं की ही यादी स्वस्त वाटते, कारण ती अर्धीच आहे.

उरलेली अर्धी यादी अशी: खेळती हवा, फक्त त्याच कामाचे वेगळे कपडे, मळी साठवायला झाकणाचा डबा, आणि शेजारी उभा राहणारा जाणता माणूस. यातलं काहीच दहा बाय दहाच्या खोलीत बसत नाही.

वितळलेल्या शिशावर जी राखाडी मळी येते, तिची धूळ हाताला लागते. तोच हात मेसच्या पोळीला! तिला वास नाही, चव कळत नाही. पाण्याचा एक थेंब त्या कढईत गेला तर क्षणात वाफ होऊन शेकडो पट फुगतो आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. काही जण तर जुनी बॅटरी फोडून शिसं काढायचं म्हणतात. तिच्यात गंधकाम्ल असतं, आणि शिशात अँटिमनीसारखे धातू मिसळलेले असतात. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावायचे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये नवे आले. ते उगाच नाहीत.

कुणी म्हणेल, "वर्षानुवर्षं लोक चुलीवर शिसं ओततात, त्यांना काय झालं?" शिसं लगेच ताप आणत नाही. ते हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात धोक्याइतकं शिसं आहे, आणि उघड्यावर बॅटऱ्या वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण. आपल्या देशाने २००० साली पेट्रोलमधलं शिसं बंद केलं. ते आपण पुन्हा भाड्याच्या खोलीत आणायचं? घरमालकांची नातवंडं त्याच अंगणात रांगतात. आपण चार वर्षांत डिग्री घेऊन जाऊ, धूळ तिथेच राहील.

"मग शिकायचं कुठे?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे, आणि तो स्टाफसाठी आहे. सर, वर्कशॉपमध्ये फाउंड्री आहे, भट्टी आहे, एक्झॉस्ट आहे. फर्स्ट इयरला आम्ही वाळूचा साचा करून एक जॉब ओततो, जर्नलवर सही होते, आणि नंतर त्या दाराला संध्याकाळी कुलूप. मुलं रूमवर भट्टी लावतात ती हौसेने तर खरीच, पण त्या कुलपामुळेही. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्कशॉप उघडं ठेवा, रजिस्टरवर नाव घ्या, एक इन्स्ट्रक्टर थांबू द्या. खर्च फार नाही.

आणि मित्रांनो, आधी हेही विचारा की शिसंच कशाला? बहुतेक काउंटरवेट भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांनी किंवा सिमेंट-वाळूनेही होतं. आकार थोडा मोठा होईल, एवढंच. डिझाइन बदलणं हेही इंजिनिअरिंगच आहे. स्वस्त सामान जमवणं कुणालाही जमतं. यादी पूर्ण करणं आपण शिकायला हवं.